नवोदय विद्यालयात प्रथमच जाणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

सहावीच्या निवड यादीत नाव लागले की घरात पहिली खरेदी होते ती पत्र्याच्या पेटीची. माझ्या वडिलांनी पेटीच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने माझे नाव घालून घेतले होते. रंग पुरता वाळला नसल्याने एसटीत चढवताना शेवटचे अक्षर फिसकटले, आणि पुढची सात वर्षे मी त्या अक्षरावरूनच माझी पेटी ओळखत आले. पेटीच्या कुलपाची एक किल्ली आपल्याजवळ आणि दुसरी हाउसच्या, म्हणजे वसतिगृहातल्या आपल्या गटाच्या, मॅडमकडे ठेवावी, हे मात्र मला किल्ली हरवल्यावर कळले.

जवाहर नवोदय विद्यालयांची कल्पना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली. त्या वेळी पी. व्ही. नरसिंह राव केंद्रात शिक्षणाचे खाते सांभाळत होते. १९८५-८६ मध्ये प्रयोगादाखल जी दोन विद्यालये सुरू झाली त्यांतले एक हरियाणातील झज्जरचे आणि दुसरे आपल्या अमरावतीचे, याचा मला आजही अभिमान वाटतो. खेड्यातल्या हुशार मुलाचे शिक्षण बापाच्या खिशावर अवलंबून राहू नये, हा त्यामागचा विचार होता. म्हणूनच जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी आणि किमान एकतृतीयांश जागा मुलींसाठी राखलेल्या असतात. माझ्यासारख्या मुलीला आठवीनंतर तालुक्याला पाठवायला घरचे धजावले नसते. पण येथे राहणे, जेवण, गणवेश आणि पुस्तके यांचा भार घरावर पडत नव्हता, त्यामुळे तो प्रश्नच उरला नाही.

वर्गात, प्रयोगशाळेत आणि मैदानावर मुले-मुली एकत्र, वसतिगृहे मात्र वेगळी. अरवली, नीलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी ही हाउसची नावे. क्रीडास्पर्धेपासून भित्तिपत्रकापर्यंत सगळी चुरस त्यांच्यातच चालते. पहाटेची घंटा, पी.टी., प्रार्थना, तास, खेळ, संध्याकाळचा अभ्यास आणि झोपण्यापूर्वीची हजेरी हा क्रम अंगवळणी पडायला महिना-दीड महिना लागतो. या काळात रात्री रडू येते, आणि ते जवळजवळ सगळ्यांनाच येते. पालकांनी या पहिल्या महिन्यात ‘नको असेल तर परत ये’ असे म्हणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण त्या एका वाक्याने रुळू लागलेले मूल पुन्हा दाराकडे डोळे लावून बसते. मुलाच्या आजाराची किंवा कोणी त्रास देत असल्याची तक्रार असेल तर मात्र ती तत्काळ हाउस मॅडमच्या किंवा सरांच्या कानावर घालावी, दबून राहू देऊ नये.

आठवीपर्यंत शिकवणे प्रामुख्याने मराठीतून असते. पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, तर सामाजिक शास्त्रे हिंदीतून शिकवली जातात. नववीचे पहिले काही महिने त्यामुळे जड जातात, तेव्हा सातवी-आठवीतच इंग्रजी पुस्तके चाळायची सवय लावून घ्यावी.

नववीत आणखी एक गोष्ट घडते, ती म्हणजे मायग्रेशन. हिंदी भाषक आणि अहिंदी भाषक जिल्ह्यांतील जोडीच्या विद्यालयांत ३० टक्के विद्यार्थ्यांची वर्षभरासाठी अदलाबदल केली जाते. त्या यादीत माझे नाव आले तेव्हा आईने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तिकडच्या डॉर्मिटरीत पहिल्याच आठवड्यात मी ‘मेरा पुस्तक’ म्हणाले आणि शेजारच्या पलंगावरच्या मुलीने शांतपणे ‘मेरी’ अशी दुरुस्ती केली. मग रोज हजेरीनंतर ती मला हिंदीतली लिंगे सांगू लागली आणि मी तिला ‘ळ’ म्हणायला शिकवू लागले. ‘केळे’ हा शब्द तिला दिवाळीपर्यंत जमला नाही. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला कोठे लावायचे, हे मी तिला आरशासमोर उभे करून दाखवत असे. मायग्रेशनला नकार द्यावा काय, असे पालक मला अजूनही विचारतात, आणि मी दरवेळी ठामपणे ‘पाठवा’ असेच सांगते. वर्ष संपून आम्ही परत निघालो तेव्हा त्या मुलीने गाडीच्या खिडकीतून माझ्या हातात केळ्यांची फणी दिली आणि तो शब्द अगदी स्वच्छ उच्चारला.