परागंदा बालपणाची वस्तू जपताना

वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, संग्रहालयात खेळण्यातले एक छोटे अस्वल आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमध्ये खोट्या ओळखीने दिवस काढलेल्या एका ज्यू मुलीचे ते अस्वल असून तिने त्याचे नाव 'रेफ्युजी', म्हणजे निर्वासित, असे ठेवले. डिसेंबर 1938 ते सप्टेंबर 1939 या काळात सुमारे 10,000 मुले, त्यांतली बहुतेक ज्यू, नाझींपासून वाचण्यासाठी आईवडिलांना मागे ठेवून ब्रिटनला गेली आणि लहानशा पेटीत आईने घातलेली एखादी वस्तूच पुढे कित्येकांना घराची खूण म्हणून उरली. मराठवाड्यातही रझाकारांच्या भयाने निझामाच्या संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे, बार्शी-सोलापूरकडे गेलेल्या कुटुंबांत अशी एखादी वस्तू सापडते. या दोन दुःखांची तुलना होऊ शकत नाही. वस्तू जपण्याची रीत मात्र एकच आहे.

ती धुऊ नये. आजीची चिंध्यांची बाहुली मी लहानपणी हौसेने रिठ्याच्या पाण्यात बुडवली, तेव्हा खणाचा लाल रंग तिच्या तोंडभर उतरला आणि पाठीवरचा, आजीच्या तेलकट हाताचा जुना डाग कायमचा गेला. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने अलगद झाडावी आणि उसवलेली शिवण तशीच राहू द्यावी, कारण आपला टाका मूळ हाताचा टाका झाकून टाकतो.

उन्हाळ्यात कपड्यांना ऊन दाखवण्याची आपली पद्धत येथे मोडावी, कारण उन्हाने रंग विटतो. पत्र्याखालच्या माळ्यावरची ट्रंक वैशाखात तापते, प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्याची ओल कोंडते आणि वर्तमानपत्राच्या कागदाचे डाग पडतात. म्हणून खळ धुऊन काढलेल्या मांजरपाटात गुंडाळून वस्तू थंड खोलीतल्या कपाटात ठेवावी आणि कसर लागली नाही ना, हे अधूनमधून पाहावे.

घरातले जाणते माणूस हयात असेल, तर या सगळ्याच्या आधी त्यांच्याशी बोलावे. "तुम्ही कधी निघालात?" असे विचारले की उत्तर तुटक येते. त्याऐवजी वस्तू त्यांच्या हाती द्यावी आणि थांबावे. आमची आजी आधी बाहुलीचे लोकरीचे केस बोटांनी सारखे करी आणि मगच बोलू लागे. ते बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून त्यांच्याच बोलीत उतरवावे, प्रमाण भाषेत आणू नये. टाचणी गंजते आणि शाई पसरते, म्हणून पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधावी. तिच्यावर गाव, साल, शिवणाऱ्याचे नाव आणि खेळण्याचेही नाव असावे. आजीला ते शेवटचे विचारायचे माझ्याकडून राहिले. आमच्या चिठ्ठीवर ती जागा कोरी आहे.