व्हीपीएन जोडलं जातं, पण फाइल उघडत नाही: माझा अनुभव

सोयाबीनच्या राशीसाठी औशाजवळ गावी आलो होतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वायरगार्ड हे व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) लगेच जोडलं जायचं, पिंगही (सर्व्हर उत्तर देतो का ते बघणारा छोटा संदेश) जायचं. पण ऑफिसच्या सर्व्हरवरची फाइल उघडली की चक्र फिरतच राहायचं. वायरगार्डच्या की (किल्ल्या) आणि डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सोय) तपासण्यात दोन दिवस गेले. डेटाची लहान पॅकेट जातात, मोठी अडकतात, म्हणजे एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) बघायला हवा, हे उशिरा सुचलं. व्हीपीएन बंद करून, तुकडे न करता १४७२ बाइटचं पिंग पाठवलं. गेलं नाही. कमी करत करत १३७२ ला उत्तर आलं. त्यात हेडरचे (पॅकेटच्या पुढे लागणाऱ्या पत्ता वगैरे माहितीचे) २८ बाइट मिळवले की १४००. त्यातून वायरगार्ड स्वतः प्रत्येक पॅकेटला जोडतं ते ६० बाइट वजा, म्हणजे १३४० पर्यंत चाललं असतं. मी मोकळीक ठेवून वायरगार्डच्या कॉन्फिग फाइलच्या इंटरफेस भागात एमटीयू १२८० लिहिला आणि टनेल (व्हीपीएनची जोडणी) बंद करून पुन्हा चालू केला. आईनं चहा आणेपर्यंत अख्खी फाइल उतरली होती.