असेम्बल केलेल्या पीसीवर फायरवॉल इन्स्टॉल होत नसेल तर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या पीसीवर गेम, ब्राउझर, सगळं सुरळीत चालतं आणि फायरवॉलचं इन्स्टॉलेशन मात्र ऐंशी टक्क्यांवर अडकतं. याचं कारण असं की फायरवॉल नेटवर्कच्या वाटेवर स्वतःचा ड्रायव्हर बसवते. तिथे आधीच कुणी बसलेलं असेल किंवा वाटच मोडलेली असेल, तर ती माघार घेते.

आधी एरर नंबर लिहून घ्या. 1618 म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे. बहुतेकदा ते विंडोज अपडेट असतं. ते संपू द्या, रीस्टार्ट करा. 1603 हा मोघम नंबर आहे, त्यासाठी पुढे शोधावं लागतं.

घड्याळातली तारीख बघा. पीसी बंद केल्यावर ती मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल बदला. तारीख चुकली की डाउनलोडचं सुरक्षित कनेक्शन जुळत नाही, डिजिटल सही तपासतानाही अडचण येते.

आता मुख्य संशयित. मदरबोर्डसोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये बरेचदा ट्रायल अँटिव्हायरस आणि ‘गेमिंग नेटवर्क’ युटिलिटी येते. साध्या अनइन्स्टॉलनंतरही त्यांचे ड्रायव्हर मागे राहू शकतात. अँटिव्हायरस ज्या कंपनीचा, तिचंच रिमूव्हल टूल चालवा. मग कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्क कनेक्शनच्या प्रॉपर्टीज उघडा. त्या यादीत जुन्या सॉफ्टवेअरचा फिल्टर दिसला तर तो निवडून अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करूनच पुढे जा. ही पायरी घाईत उरकू नका.

तरीही अडलं तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ यादीत ‘बेस फिल्टरिंग इंजिन’ शोधा. विंडोज व्हिस्टापासून नेटवर्कवरून ये-जा करणारी पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गाळण्याचं काम या सेवेवर चालतं. ती ‘रनिंग’ आणि ‘ऑटोमॅटिक’ असायला हवी. ती यादीतच नसेल किंवा सुरू करताना ‘अॅक्सेस डिनाइड’ येत असेल, तर दोन शक्यता धरा. एक, मालवेअर: झीरोअॅक्सेस नावाच्या मालवेअरने ही सेवाच पुसून टाकल्याची उदाहरणं आहेत, म्हणून आधी पूर्ण स्कॅन करा. दुसरी, जुळवून देणाऱ्याने घातलेलं काटछाट केलेलं ‘लाइट’ विंडोज. त्यावर डागडुजी करत बसण्यात अर्थ नाही. डेटाचा बॅकअप घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेलं मूळ विंडोज नव्याने टाका. ज्या विंडोजमधून कुणीतरी आधीच काय काय काढलंय हे कळत नाही, त्यावर सुरक्षा उभारता येत नाही.

‘फाइल करप्ट आहे’ असा संदेश पुन्हा डाउनलोड करूनही येत असेल तर रॅमकडे वळा. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून पुन्हा प्रयत्न करा. तसं केल्यावर जमलं, तर रॅमला तो वेग पेलत नव्हता. नाही जमलं तर रॅम तपासणारा मेमटेस्ट86 हा प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवा. एकही एरर आली तरी रॅमच्या काड्या एकेक करून तपासा.

विंडोज सिक्युरिटीतल्या ‘कोअर आयसोलेशन’मधली मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षेची सेटिंग जुना ड्रायव्हर अडवते. ती बंद करण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो मानू नका. फायरवॉलची नवी आवृत्ती घ्या, तीही बनवणाऱ्याच्याच साइटवरून.

हे सगळं चालू असताना विंडोजची स्वतःची फायरवॉल चालू ठेवा. नवी बसल्यावर रीस्टार्ट करा आणि विंडोज सिक्युरिटीतल्या फायरवॉल विभागात तिचं नाव दिसतंय ना, ते बघा.