पॉलीकार्बोनेटचं हरितगृह : बांधा दसऱ्यानंतर, हिशेब धरा उन्हाळ्याचा

परतीचा पाऊस उघडला की आपल्याकडं छोट्या हरितगृहांची चौकशी सुरू होते. कुणाला परसात ढोबळी मिरची नि ऑर्किड करायचंय, कुणाला ट्रेमध्ये उसाची रोपं. उभारणीला ऑक्टोबर-नोव्हेंबरसारखा काळ नाही. जमिनीत ओल असल्यानं खड्डे लवकर निघतात, वारं पडलेलं असतं आणि हातातली पॉलीकार्बोनेटची, म्हणजे आत पोकळ नळ्या असलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकची, शीट पतंगासारखी उडत नाही. मे महिन्यात घाई करून उभं केलेलं हरितगृह पहिल्याच वळवात कसोटीला लागतं, ते टाळा.

दुकानात गेलात की पहिल्यांदा शीट किती जाड आणि ऊब किती धरते हेच ऐकायला मिळेल. बर्फ पडणाऱ्या मुलखात तो विचार बरोबर आहे. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटा सोडल्या तर ऊब धरायची नसते, बाहेर काढायची असते. एप्रिलमध्ये बाहेर पारा ३७-३८ अंशांवर असताना बंद हरितगृहात रोपं अक्षरशः शिजतात. म्हणून माझं सांगणं एवढंच, की शीटच्या जाडीवरचे पैसे वाचवा आणि ते खिडक्यांवर व सांगाड्यावर घाला.

जागा निवडताना नारळाखालची सावली मोहात पाडते. वाळलेली झावळी वीस फुटांवरून देठाच्या बाजूनं आली, तर शीटला भोक पडलंच म्हणून समजा. पंचगंगेकाठच्या आणि शिरोळकडच्या लोकांनी २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते आठवून त्याच्या वर जागा धरावी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की आपल्या रानात काय होतं, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. पुराचा गाळ शीटच्या पोकळ नळ्यांत शिरला की तो धुऊन निघत नाही. आढं पूर्व-पश्चिम ठेवा. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, त्याला अरुंद बाजू समोर दिली की जोर कमी लागतो. दार पूर्वेला असावं.

शीट आधी ठरवा, सांगाडा नंतर. दुहेरी भिंतीची पोकळ शीट बहुधा २.१ मीटर रुंदीत मिळते, काही ठिकाणी ४ फुटी. त्या मापाच्या पटीत सांगाडा केला तर कापाकापी आणि वाया जाणारे तुकडे दोन्ही वाचतात. परसबागेला ६ मिलिमीटर पुरते. पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीकडच्या वाऱ्याला ८ किंवा १० घ्यावी. ४ मिलिमीटर स्वस्त पडते, पण छपराला मी तरी लावणार नाही. जाडीपेक्षा महत्त्वाचा असतो अतिनील किरण अडवणारा थर. तो नसेल तर शीट काही वर्षांत पिवळी पडते, मग बोटानं दाबली तरी तडकते. बिलावर तसा उल्लेख आणि हमीची वर्षं लिहून घ्या. तोंडी हमीवर विसंबू नका.

सांगाडा आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात हवा तसा करून मिळतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप घ्या. साधं लोखंड घेतलंत तर रंग आधी मारा, पूर्ण वाळू द्या, मग शीट चढवा, कारण ओल्या रंगातलं थिनर शीटला चरे पाडतं. शीट टेकते तिथला पाइप पांढरा रंगवा, काळा तापतो. छपराला अडीच फुटांपेक्षा जास्त अंतरावर आधार नको. काळ्या रानात पायाचा खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरवरचा पाया तिच्याबरोबर हलतो. मग दार अडकायला लागतं आणि लोक दाराला दोष देतात. काँक्रीट भरण्याआधी दोन्ही कर्ण टेपनं मोजा. ते सारखे आले तरच चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे.

आता बसवणी. बिघडतं ते इथंच. अतिनील किरण अडवणारा थर असलेली बाजू बाहेर यावी लागते. त्या बाजूच्या फिल्मवर छपाई असते. फिल्म आधीच सोलून टाकली की दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच दिसतात. म्हणून कडेची दोन-तीन इंच फिल्मच आधी सोडवा आणि उरलेली शीट चढल्यावर त्याच दिवशी काढा. उन्हात राहिली तर चिकटून बसते.

नळ्या उताराच्या दिशेनं, वरून खाली याव्यात, म्हणजे आत साचलेला दमटपणा पाणी होऊन निथळतो. वरच्या टोकाला ॲल्युमिनियमची बंद टेप, खालच्या टोकाला बारीक छिद्रांची टेप, आणि टेपवरून यू प्रोफाइल, म्हणजे कडेवर बसणारी यू आकाराची पट्टी. माझ्या पहिल्या हरितगृहाला मिस्त्रीनं दोन्ही टोकांना खोकी बंद करायची चिकटपट्टी लावली, आणि मीही बघत उभा होतो. दुसऱ्या श्रावणापर्यंत पट्टी सुटली, नळ्यांत हिरवं शेवाळ चढलं आणि एका नळीत मुंग्यांनी अंड्यांची पांढरी रांग लावली. कामावरच्या पोरानं विचारलं, “मामा, हे आतनं पुसायचं कसं?” पुसता येत नाही. त्या शीट अजून तशाच आहेत, हिरव्या पट्ट्यांच्या.

दुसरी चूक भोकांची. पॉलीकार्बोनेट उन्हानं वाढतं. तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर १० फुटांची शीट जवळजवळ ६ मिलिमीटर लांब होते. ६ मिलिमीटरच्या स्क्रूला १० मिलिमीटरचं भोक पाडा, वर रुंद ईपीडीएम रबराचा वॉशर द्या. पीव्हीसीचा वॉशर नको, त्यातलं रसायन शीटला तडे पाडतं. स्क्रू वॉशर जेमतेम टेकेपर्यंतच आवळायचा. मशिननं कचकचून आवळला की दुपारी छपरातून ‘कट्ट कट्ट’ आवाज येतो, नंतर भोकापासून बारीक चीर निघते. छपरावर चढायचंच झालं तर पाय शीटवर नको, दोन पाइपांवर फळी टाकून तिच्यावर.

खिडक्यांचा हिशेब सोपा आहे. १० बाय २० फुटांचं हरितगृह म्हणजे २०० चौरस फूट. त्याच्या निदान पाचव्या हिश्श्याइतकी, म्हणजे ४० चौरस फूट उघडझाप हवी, आणि त्यातली निम्मी छपरात. गरम हवा वर जाते, तिला वाट नसेल तर खालच्या खिडक्यांचा उपयोग अर्धाच. छपराची खिडकी उत्तरेच्या उतारावर ठेवा, पावसाची झड कमी येते. लांब बाजूंना खाली अडीच फुटांचा पट्टा शीटऐवजी ४० मेशच्या (इंचाला ४० छिद्रांच्या) जाळीचा करून वर गुंडाळायचा पडदा लावला तर आणखी चांगलं. जाळीनं वारा अडतो, म्हणून ती लावताना मोकळी जागा हिशेबापेक्षा मोठी धरा. मार्चपासून ५० टक्क्यांची शेडनेट छपराच्या बाहेरून, फूटभर वर ताणा. आतून लावली तर ऊन आत येऊन चुकलेलं असतं.

सुरू हंगामाची, म्हणजे १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारीची लागण धरून उसाची रोपं करणाऱ्यांना हे घर खरं उपयोगी पडतं. थंडीत एक डोळ्याचे तुकडे उगवायला रेंगाळतात, ते इथं लवकर हलतात. पण पहाटे छताला आतून दव धरतं आणि थेंब ट्रेवर टपकतात. त्यात भाजीची रोपं असली तर बुडाशी कुजून कोलमडतात. म्हणून ऊन वर आलं की थंडीतही छपराची खिडकी तासभर उघडा, आणि पाणी सकाळीच द्या, संध्याकाळी नको. ताजं कोंबडखत आत साठवू नका. त्यातला अमोनिया रोपांना जाळतो आणि शीटलाही सोसत नाही.

गुऱ्हाळं पेटली, फडातली पाचटं पेटली की शीटवर काजळी बसते. ती कोरड्या फडक्यानं पुसलीत तर काचकागद फिरवल्यासारखे ओरखडे येतात. आधी पाण्याची धार, मग साध्या साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड. ब्रश, थिनर, पेट्रोल, अमोनिया असलेली काचेची लिक्विडं अजिबात नकोत. शेजारच्या फडाचं पाचट पेटणार असेल तर त्या बाजूला आधी पट्टा मोकळा करून घ्या.

एप्रिलच्या शेवटी एक दिवस काढून सगळे स्क्रू, टेप आणि खिडक्यांच्या कड्या तपासा. वादळात छप्पर बहुतेक वेळा आतून उडतं. वारा एका उघड्या खिडकीतून शिरतो आणि छपराला वर ढकलतो. मे महिन्यात दुपारचं आभाळ भरून आलं की आधी हरितगृहाच्या खिडक्या लावा, मग गच्चीवर वाळत घातलेली चटणीची मिरची गोळा करा.