जोडप्यांसमोर बसण्याआधी: फोंड्यातल्या एका सायकॉलॉजिस्टचे अनुभव

मानसशास्त्रात एम. ए. संपवून गोव्यात प्रॅक्टिस सुरू करू पाहणारी मुलं-मुली भेटायला आली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला विषय कपल थेरपीवर येतो. माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. आधी काही वर्षं एकेका माणसासमोर बसा. तिथं हात बसल्याशिवाय दोघांना एकत्र बोलावू नका.

कागदपत्रांचं आधी उरकते. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. नुसत्या एम. ए.वर ती पाटी लावू नका. औषधं देणं आपलं काम नाही. त्यासाठी ओळखीचा सायकिअ‍ॅट्रिस्ट हवा आणि बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेत पेशंट कसा पाठवायचा हे माहीत हवं. ‘बांबोळीला नेलं’ म्हटलं की घरचे घाबरतात, तेव्हा ते पाठवणंही नीट समजावून करावं लागतं.

एकेकट्याच्या थेरपीत माझी सुरुवात साधी असते. झोप, भूक, काम, दारू, मरणाचे विचार हे सगळं पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारते. उदासीसाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली आणि दारूसाठी ‘ऑडिट’ (AUDIT) ही १० प्रश्नांची चाचणी हाताशी ठेवते. गोव्यात दारूचा प्रश्न टाळलात तर महिनाभर भलत्याच गोष्टीवर काम कराल. डिप्रेशनमध्ये विचारांशी झुंजण्याआधी दिवसाची घडी बसवणं मला जास्त उपयोगी वाटतं. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच तपासलं होतं. मानसोपचाराचं आधी कसलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी ६ ते ८ सेशनमध्ये हे काम केलं आणि रुग्णांना फरक पडला. त्या समुपदेशकांच्या सेशनचं रेकॉर्डिंग सहकारी ऐकायचे आणि गुण द्यायचे. नव्यांनी उचलावं ते हे. क्लायंटची परवानगी घेऊन स्वतःचं सेशन रेकॉर्ड करा आणि सुपरव्हायजरसोबत, म्हणजे तुमचं काम तपासणाऱ्या अनुभवी थेरपिस्टसोबत, ऐका. आपण किती बोलतो हे कळल्यावर पहिल्यांदा लाजच वाटते.

पणजीत संमोहन करणाऱ्या आबे फारियाचा पुतळा आहे. हात पसरून उभा पाद्री आणि समोर कोसळत असलेली बाई. थेरपीला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात थेरपिस्टचं चित्र तसंच असतं. गंमत म्हणजे कांदोळीच्या या माणसाचं म्हणणं बरोबर उलट होतं. संमोहनाची ताकद करणाऱ्याच्या हातात नसून ज्याच्यावर होतं त्याच्या मनात असते, हे त्याने १८१९ च्या आपल्या पुस्तकात मांडलं.

आता जोडपी. दोघंही निवाडा मागायला येतात, एवढं मनात पक्कं ठेवा. पहिलं सेशन मी दोघांसोबत घेते, मग एकेकाशी एकदा स्वतंत्र आणि नंतर पुन्हा एकत्र. स्वतंत्र भेटीआधीच नियम सांगते: नात्यावर परिणाम करणारी गोष्ट मला एकटीला सांगून लपवून ठेवायला सांगू नका. हा नियम नसेल तर तिसऱ्या आठवड्यात बाहेरच्या प्रेमप्रकरणाचं गुपित तुमच्या पोटात आणि समोर काहीच माहीत नसलेला जोडीदार, अशी वेळ येते. त्याच स्वतंत्र भेटीत मारहाणीबद्दल विचारते. एकजण दुसऱ्याला घाबरून बोलत असेल तर जोडप्याची थेरपी करायची नाही. खोलीत खरं बोललेलं घरी गेल्यावर महागात पडतं. तिथं आधी सुरक्षितता आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची माहिती.

एक उदाहरण देते, दोन-तीन घरं मिसळून. नवरा तारवटी, आठ महिने बोटीवर. परत आला की मुलाची ट्यूशन बदलतो, हिशेब मागतो. तो म्हणतो, “पैसे मी पाठवतो, पण घरात मला कोणी विचारत नाही.” ती म्हणते, “तू नसताना मी कोणाला विचारत होते?” आणि गप्प होते. ती गप्प झाली की त्याचा आवाज चढतो, आवाज चढला की ती स्वयंपाकघरात. ट्यूशन कोणती बरी यात मी पडत नाही. ही फेरी दोघांना कागदावर काढून दाखवते. स्यू जॉन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईच्या भावनाकेंद्री थेरपीत याच फेरीच्या तळाशी जायचं असतं. त्याला वाटत असतं की या घरात आता आपल्याला जागा नाही. तिला वाटतं, आठ महिने एकटीने ओढलेलं शून्यात गेलं. हे मला न सांगता एकमेकांकडे बघून सांगायचं, म्हणून खुर्च्या वळवायला लावते. तेवढ्यानेही पुष्कळ अवघडतात.

जोडप्यांवर संशोधन करणाऱ्या जॉन गॉटमनने सांगितलेल्या, नातं पोखरणाऱ्या चार सवयींपैकी, म्हणजे टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि भिंतीसारखं गप्प बसणं, मी तुच्छतेला सगळ्यात जास्त घाबरते. डोळे फिरवणं, नक्कल करणं दिसलं की तिथेच थांबवते. आवाज फारच चढले तर निदान वीस मिनिटांची सुट्टी. तापलेल्या डोक्याने कोणी ऐकत नाही.

पुस्तकात नसलेल्या गोष्टी इथं शिकाव्या लागतात. गणेश चवथीला कोणाच्या मूळ घरी किती दिवस, हे भांडण श्रावणातच सुरू होतं. लग्न नोंदणीच्या सह्या होऊन विधी व्हायचे असतात, तोवर नातं बिनसतं, आणि घरच्यांच्या लेखी ते ‘अजून लग्न झालेलं नाही’, कायद्याच्या लेखी मात्र प्रकरण कोर्टाचं. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या नियमाप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक होते, त्यामुळे वेगळं होण्याच्या बोलण्यात घर आणि भाट (माडांची बाग) लगेच येतात. कायद्याचा सल्ला तुम्ही देऊ नका, वकिलाकडे पाठवा.

आणि गोवा लहान आहे. तुमचा क्लायंट जत्रेत भेटणार, मासळी बाजारात भेटणार, तुमच्या मावशीचा शेजारी निघणार. पहिल्याच भेटीत सांगून टाका की बाहेर मी आधी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर हसेन. आपल्याच वाड्यातलं जोडपं घेऊ नका, फोंड्यातलं नाकारलं तर मडगाव किंवा म्हापशाच्या सहकाऱ्याचा नंबर द्या. भांडण कोकणीत होत असेल तर सेशनमध्येही ते कोकणीतच होऊ द्या. मराठीत किंवा इंग्रजीत सांगताना माणसं सभ्य होतात आणि राग हातातून निसटतो.

फीचं राहिलं. जोडप्याची फी कोण देतं याकडे लक्ष ठेवा. एकजणच देत असेल तर तो हळूहळू तुमच्याकडे मालकासारखा बघू लागतो. मी दोघांना निम्मी-निम्मी द्यायला सांगते. एकाची कमाई नसेल तर त्याची निम्मी घरखर्चातून बाजूला काढायची, पण हातात आणून द्यायची ती त्यानेच.