सॉफ्टवेअरचे तुकडे करताना पहिला तुकडा कोणता?

घाऊक औषधविक्रेत्यांसाठी मी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. ‘आमचं सॉफ्टवेअर वेगवेगळ्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणाऱ्या छोट्या स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये, फोडू का?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: जीएसटीचा दर बदलला तर किती ठिकाणी कोड बदलावा लागतो?

२२ सप्टेंबर २०२५ला बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. एका ग्राहकाकडे काउंटरचं बिल, सेल्समनचं अ‍ॅप आणि परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट, तिन्हीकडे कराचा हिशेब वेगळा लिहिलेला. तिन्हीकडे ५ टाकले आणि क्रेडिट नोटा चुकल्या. ऑगस्टच्या बिलावरचा माल परत आला, तर त्याची क्रेडिट नोट १२ टक्क्यांनीच निघायला हवी.

म्हणून जो नियम बाहेरून बदलतो आणि अनेक ठिकाणी लागतो, तो आधी वेगळा काढा. कराच्या सर्व्हिसला एचएसएन कोड (माल कुठल्या प्रकारचा ते सांगणारा आकडा), रक्कम, माल कुठल्या राज्यात चालला ते आणि मूळ बिलाची तारीख द्यायची. तिने कर सांगायचा. काय द्यायचं आणि काय मिळणार, हे कोडच्या आधी कागदावर ठरवा. तारीख पहिल्यापासून मागितली असेल, तर पुढच्या दरबदलाला एकाच तक्त्यात नव्या ओळी भरल्या की काम झालं. माझ्या मते या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

पण नेटवर्क आलं की त्याची दुखणीही येतात. आम्ही स्टॉकचीही सर्व्हिस केली होती. तिने दहा स्ट्रिप वजा केल्या, उत्तर वाटेत हरवलं, बिलिंगने पुन्हा विचारलं आणि आणखी दहा गेल्या. रॅकवर माल आणि स्क्रीनवर शून्य! मग प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक दिला. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हिसने काहीही वजा न करता जुनंच उत्तर द्यायचं.

शिवाय हा हिशेब करून बघा. एका बिलाला पाच सर्व्हिसेस लागतात आणि प्रत्येक ९९.५ टक्के वेळ चालू असते. त्या आपापल्या वेळी बंद पडत असतील, तर पाचही एकदम चालू असण्याचं प्रमाण ९७.५ टक्क्यांवर येतं. म्हणजे महिन्याला जवळजवळ १८ तास बिल निघणार नाही. त्यामुळे दरांचा तक्ता काउंटरच्या संगणकावरही ठेवा.

बिल आणि स्टॉक मात्र एकाच डेटाबेसमध्ये राहू द्या. तिथे दोन्ही नोंदी एकत्र होतात, नाहीतर दोन्ही रद्द होतात. आम्ही स्टॉक पुन्हा बिलिंगमध्ये आणला. कर अजूनही वेगळाच आहे.