हिवाळी मोहिमेतील सोव्हिएत महिला सैनिक: रंगवायला बसण्यापूर्वीची तयारी

दुसऱ्या महायुद्धातील पूर्व आघाडीवरील, म्हणजे जर्मनी-सोव्हिएत आघाडीवरील, हिवाळी लढाया छोट्या पुतळ्यांनी, म्हणजे फिगरनी, टेबलावर खेळण्यासाठी सोव्हिएत महिला सैनिकांची तुकडी रंगवायची असेल, तर रंगाची पहिली बाटली उघडण्याआधी कागदावर महिना आणि साल लिहून घ्यावे. पुढचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघतात. डिसेंबर १९४१ मध्ये मॉस्कोसमोर सुरू झालेला प्रतिहल्ला, १९४२-४३ चे स्टालिनग्राड, जानेवारी १९४४ मधील पश्चिम रशियातल्या नोवोसोकोल्निकीचा परिसर आणि जानेवारी १९४५ मधील पूर्व प्रशिया हे सगळे हिवाळेच आहेत. परंतु जानेवारी १९४३ च्या आदेशाने लाल सैन्यात, म्हणजे सोव्हिएत सैन्यात, खांदेपट्ट्या परत आल्या आणि त्यांच्याबरोबर उभ्या कॉलरचा सदरा आला, त्यामुळे मॉस्को किंवा स्टालिनग्राडसाठी घेतलेल्या फिगरच्या खांद्यावर पट्टी कोरलेली असेल तर ती कानशीने घासून काढावी लागते. फिगर कापूस भरलेल्या जाकिटात, म्हणजे तेलोग्रेइकात, किंवा पांढऱ्या बर्फवेषात असेल तर हा प्रश्न बहुधा झाकला जातो. म्हणूनच ज्यांना चारही हिवाळ्यांसाठी एकच तुकडी वापरायची आहे त्यांनी असेच नमुने निवडणे शहाणपणाचे.

तुकडीत कोण असावे हेही आधीच ठरवावे. सोव्हिएत सैन्यात सुमारे आठ लाख स्त्रियांनी सेवा केली, परंतु पायदळात त्या प्रामुख्याने स्नायपर, वैद्यकीय मदतनीस आणि संदेशवाहक म्हणून, पुरुषांच्याच युनिटांत विखुरलेल्या दिसतात. त्यामुळे केवळ स्त्रियांची आख्खी रायफल कंपनी उभी करण्यापेक्षा स्नायपरच्या दोन-तीन जोड्या, एक सबमशीनगनवाली आणि खांद्याला औषधांची पिशवी लावलेली एक परिचारिका एवढी फौज मला अधिक खरी वाटते. स्नायपर जोडीने काम करत, एक नेम धरणारी आणि दुसरी टेहळणी करणारी. म्हणून आडवी झोपलेली आणि गुडघ्यावर बसलेली अशा दोन ठेवणींच्या फिगर एकत्र मागवाव्यात. इंग्लंडमधील बॅड स्क्विडो गेम्स २८ मिलिमीटरच्या धातूच्या अशा फिगर बनवते, आणि त्यांचे अंगप्रमाण माणसांसारखे आहे, पोस्टरवरील नायिकांसारखे नाही.

पाकिटावर ‘रशियन’ लिहिलेले असले तरी सर्व चेहरे एकाच गोऱ्या छटेत रंगवू नयेत. ३०९ शत्रुसैनिक टिपल्याची नोंद असलेली ल्युदमिला पावलिचेन्को युक्रेनमधील बिला त्सेर्क्वाची होती, आणि जानेवारी १९४४ मध्ये नोवोसोकोल्निकीजवळ मारली गेलेली स्नायपर आलिया मोल्दागुलोव्हा कझाक होती. तेव्हा त्वचेसाठी किमान दोन मूळ रंग जवळ ठेवावेत, एक फिकट आणि एक किंचित पिवळसर तपकिरी, आणि केसांसाठी काळ्यापासून गव्हाळ रंगापर्यंत चार-पाच छटा.

फिगर हातात आल्यावर साच्याच्या जोडरेषा बारीक कानशीने घासाव्यात, कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुऊन पूर्ण सुकवाव्यात आणि बाटलीच्या झाकणावर तात्पुरत्या चिकटवाव्यात. प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा पायाचा थर, राखाडी घ्यावा. हिवाळी फौजेसाठी पांढरा प्रायमर सोयीचा वाटतो खरा, पण त्यावर पांढऱ्या कपड्याची सावली कुठे संपली आणि उजेड कुठे सुरू झाला हे डोळ्याला कळेनासे होते. मुंबईत किंवा कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये काम करणाऱ्यांनी स्प्रेचा डबा बाजूला ठेवून ब्रशने लावायचा प्रायमर वापरावा, कारण दमट हवेत स्प्रे रवाळ बसतो आणि चेहऱ्याचे बारीक कोरीवकाम त्याखाली गडप होते.

आता पांढऱ्याची तयारी. खरे तर या कामातील बहुतेक विचार इथेच खर्च होतो. हिवाळी तुकडीत तीन पांढरे एकमेकांना खेटून येतात. एक जमिनीवरचा बर्फ, दुसरा वरून घालायचा सुती बर्फवेष, ज्याला रशियनमध्ये मास्कहालात म्हणतात, आणि तिसरा मेंढीच्या कातड्याचा आखूड कोट. तिन्ही एकाच बाटलीतून रंगवले तर टेबलावर हातभर अंतरावरून फक्त एक पांढरा डाग दिसतो. म्हणून प्रत्येकासाठी वेगळा पाया ठरवून त्या बाटल्या वेगवेगळ्या गटांत मांडाव्यात. बर्फवेषासाठी वालेहो या रंगकंपनीचा ७०.९८९ क्रमांकाचा स्काय ग्रे पायाला, त्यावर ७०.८२० ऑफ-व्हाइट, आणि शुद्ध पांढरा फक्त टोपडीच्या कडेला, कोपरावर आणि गुडघ्यावर. कोटासाठी उबदार रंग घ्यावेत, पायाला ७०.८१९ इराकी सँड आणि वर ७०.९१८ आयव्हरी. कॉलर, बाहीची कड आणि खालचा घेर इथे लोकर बाहेर येते, तिथे जवळजवळ कोरड्या ब्रशने आयव्हरीचा हलका हात फिरवला की कातडे आणि लोकर वेगळी दिसतात. निळसर थंड पांढरा एकट्या बर्फासाठी राखून ठेवावा. पांढरा रंग घट्ट लावला तर खडूसारखा भुकटीदार दिसतो, त्यामुळे तो दुधाइतका पातळ करून तीन-चार थरांत लावावा, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो पॅलेटवरच सुकू नये म्हणून ओल्या पॅलेटची, म्हणजे ओला स्पंज आणि त्यावर बेकिंग पेपर एवढ्याची, व्यवस्था आधीच करून ठेवावी.

बर्फवेष हा मुळात जाकिटावरून चढवायचा पातळ कापडाचा पोशाख होता आणि बर्फात सरपटणाऱ्या स्नायपरच्या अंगावर तो फार काळ स्वच्छ राहत नसे. कोपर, गुडघे, पोटाचा भाग आणि बाहीची टोके यांवर तपकिरी-करडा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाण्यासारखा पातळ रंग, द्यावा. पाठ मात्र स्वच्छ ठेवली तरी चालते, कारण मळ लागतो तो जमिनीच्या बाजूने.

तेलोग्रेइका आणि तशीच कापूस भरलेली विजार यांना गोधडीसारखे समांतर उभे धावदोरे असतात आणि वॉश त्या खाचांत आपोआप उतरतो, त्यामुळे इथे कष्ट कमी आहेत. वालेहोचा ७०.९२४, ज्याचे नावच रशियन युनिफॉर्म आहे, तो एकट्याने सर्व फिगरना देण्याऐवजी सोबत ७०.९८८ खाकी आणि ७०.८७३ फील्ड ड्रॅब ठेवावा आणि एकाच फिगरवर जाकीट व विजार मुद्दाम वेगळ्या छटेत रंगवावी. वेगवेगळ्या कारखान्यांचे कापड आणि वेगवेगळ्या वेळा झालेली धुलाई यामुळे ते कधी जुळत नसे. उशांका, म्हणजे कान झाकणाऱ्या टोपीची खोटी लोकर करडी, पट्टा तपकिरी, रायफलचा दस्ता तांबूस. पीपीएसएच-४१ या सबमशीनगनचे गोल मॅगझिन काळपट पोलादी रंगाचे ठेवून कडांवर चांदीचा किंचित स्पर्श पुरे. हातमोज्यांत अंगठ्याबरोबर तर्जनीलाही वेगळी जागा असे. फिगरवर ते बोट कोरलेले असेल तर गडद रेषेने उठवून दाखवावे. परिचारिकेच्या पिशवीवरचा लाल क्रॉस अगदी शेवटी, सर्वांत बारीक ब्रशने.

चेहऱ्यासाठी स्वतंत्र बैठक राखून ठेवावी आणि ती दिवसाच्या उजेडात असावी. महिला फिगर बिघडतात त्या बहुधा इथेच, कारण स्त्री ओळखू यावी म्हणून रंगवणारा ओठ लाल करतो आणि डोळ्यांना काजळाची जाड रेघ देतो, आणि उणे वीस अंशांत खंदकात बसलेली स्नायपर नाटकाच्या रंगपटातून उठून आल्यासारखी दिसू लागते. चार-पाच मिलिमीटरच्या चेहऱ्यात स्त्रीत्व शिल्पकाराने गालाच्या आणि हनुवटीच्या ठेवणीत आधीच आणलेले असते. रंगाने फक्त थंडी आणावी. त्वचेच्या पायावर लालसर तपकिरी वॉश द्यावा, तो सुकल्यावर नाकाचा दांडा, गालाचे हाड, हनुवटी आणि भुवईच्या वरचा भाग पुन्हा मूळ रंगाने उचलावा, आणि मग ७०.८०३ ब्राऊन रोझ भरपूर पाण्यात पातळ करून नाकाचा शेंडा, दोन्ही गाल आणि उघडे असल्यास कान यांवर लावावा. हाच रंग थोडा घट्ट करून फक्त खालच्या ओठावर द्यावा. वरचा ओठ सावलीतच राहू द्यावा. डोळ्यांत पांढरा भरूच नये. पापण्यांच्या फटीत गडद तपकिरी रंगाची एक रेघ ओढली की बर्फाच्या चकाकीपुढे बारीक केलेले डोळे तयार होतात, आणि ते या हवेला शोभतात.

बेसची, म्हणजे फिगर ज्यावर उभी असते त्या चकतीची, सामग्री पायातले बूट पाहून ठरवावी. वालेंकी म्हणजे नमद्याचे बूट कोरड्या कडाक्याच्या थंडीसाठी असतात आणि ओलाव्यात निकामी होतात, त्यामुळे ते घातलेल्या फिगरखाली चिखल आणि वितळता बर्फ दाखवणे विसंगत ठरते. चिखल हवाच असेल तर कातडी बुटांच्या फिगर निवडाव्यात. वालेंकी करड्या किंवा तपकिरी रंगात, पूर्ण मॅट ठेवावेत. बर्फासाठी खाण्याचा सोडा आणि फेविकॉल ही जुनी युक्ती टाळावी, कारण तो थर काही काळाने पिवळा पडतो. खालच्या जाड थरासाठी पांढरी रांगोळी चालते, पण ती नुसत्या फेविकॉलमध्ये भिजली की करडी दिसते, म्हणून त्यात पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग कालवावा आणि एखाद्या रिकाम्या बेसवर चाचणी घ्यावी. वरचा भुरभुरा थर मात्र तयार मिळणाऱ्या बर्फाच्या भुकटीचाच घ्यावा. बर्फ बेसभर सारखा पसरू नये. बर्फवेषातील फिगरभोवती तपकिरी माती, सुके गवत, तुटलेली फांदी असे काही उघडे ठेवले नाही तर पांढऱ्यावर पांढरे बसून फिगर हरवते.

शेवटच्या टप्प्यात लागणारी वस्तू म्हणजे मॅट वार्निश, आणि तो बर्फाच्या आधी मारायचा आहे हे यादीत ठळक लिहून ठेवावे. नंतर मारल्यास भुकटी दबते आणि तिची चमक मरते. वार्निश पूर्ण सुकल्यावर बर्फ, त्यानंतर बुटांच्या वरच्या काठावर आणि घेराच्या कडेला चिमूटभर तीच भुकटी, आणि गोठलेले डबके असेल तर त्यावर ग्लॉस वार्निशचा एक थेंब.